साडेसातचा मिस्ड कॉल

माझ्या वहिनीला सगळी वस्ती किल्लीवाली म्हणते. डॉक्टरांनी ज्यांना "आता घरीच ठेवा" म्हणून सोडून दिलंय, आणि ज्यांच्या घरी ठेवून घ्यायला कुत्रंही नाही, अशांसाठी इथल्या लोकांनी वर्गणी काढून एक मंडळ चालवलंय. मंडळाची नर्स सोमवारी आणि गुरुवारी घरी जाते. बाकीचे दिवस वहिनीचे. आमच्या बाहेरच्या खोलीत फळीवर अकरा खिळे आहेत आणि प्रत्येक खिळ्याला एकेका घराची जादा किल्ली.

नियम अगदी साधा. सकाळी आठच्या आत प्रत्येकाने वहिनीला मिस्ड कॉल द्यायचा. नाही आला, की ती किल्ली उचलणार आणि मी स्कूटर काढणार. मी तिचा धाकटा दीर. रिटायर्ड मेकॅनिक, बिनकामाचा, जिभेला हाड नसलेला. हे तिचेच शब्द. तिचे गुडघे कधीच कामातून गेलेत, तरी जिने चढायला सगळ्यात पुढे तीच. मी खाली उभा राहून कुरकुर करतो.

घड्याळकाका तिसऱ्या मजल्यावर एकटे राहायचे. उभा जन्म घड्याळं दुरुस्त करण्यात गेला, आणि मग पोटात गाठ निघाली. किल्ली देताना ते वहिनीला म्हणाले, "मरायचं काही वाटत नाही हो. पण पडलो आणि कुणाला कळलंच नाही, तर? त्याची भीती वाटते."

"दिवसाच्या वर पडून राहू देणार नाही," वहिनी म्हणाली. "शब्द देते."

तिचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. काका त्या दिवशी पहिल्यांदा हसले.

बाकीच्यांचे कॉल कधीही यायचे. एक आजी तर दिलाय हे विसरून तीनतीनदा द्यायच्या. काकांचा मात्र साडेसातच्या ठोक्याला. मी त्यावर भिंतीवरचं घड्याळ लावायचो.

एका मंगळवारी तो सात चौतीसला आला. वहिनी फोनकडे बघत बसली. बुधवारी सात सत्तावीसला. ती उठली, किल्ली काढली, चपला घातल्या.

"हे काकांचं नाही, भावजी. काका असं करायचे नाहीत."

मी नुकता पेपर उघडला होता. म्हटलं, "अगं, माणूस मरायला टेकलाय. तीन मिनिटांचा हिशोब कसला मागतेस त्याच्याकडे? कॉल आलाय ना? बस आता. गुडघ्यांना जरा सुट्टी दे."

ती दारात थोडा वेळ उभी राहिली. मग चपला काढल्या. किल्ली खिळ्याला परत लावली.

गुरुवारी सात एकतीसला कॉल आला. दहा वाजता नर्सचा फोन आला, काका दार उघडत नाहीत म्हणून. आम्ही किल्ली घेऊन गेलो. दार अर्धंच उघडलं, कारण काका दारामागेच होते. पलंगापासून दारापर्यंत चादर ओढत आणलेली. तांब्या आडवा पडलेला.

शेजारची म्हातारी बाहेर आली. काकांचा फोन तिच्या हातात होता. सोमवारी रात्री त्यांनीच तो तिला दिला होता. म्हणाले होते, हात थरथरतो, बटण दाबवत नाही, साडेसातला तेवढं तुम्ही दाबत जा. नाहीतर ती बिचारी दुखऱ्या गुडघ्यांनी उगाच तीन मजले चढेल. म्हातारीकडे घड्याळ नव्हतं, फोनवरचे बारीक आकडे तिला दिसत नव्हते. ती अंदाजाने दाबायची. "दार बंद असायचं, म्हटलं झोपले असतील," ती म्हणाली आणि रडायला लागली.

डॉक्टरांनी तपासलं. म्हणाले, "काल दुपारपर्यंत जीव असावा."

काल दुपारपर्यंत. काल सकाळी साडेसातला वहिनीच्या पायात चपला होत्या.

वहिनीने माझ्याकडे बघितलंही नाही. म्हातारीच्या पाठीवरून हात फिरवत राहिली. परतताना स्कूटरवर मागे बसून एवढंच म्हणाली, "सावकाश चालवा."

याला आता वर्ष होईल. मिस्ड कॉलचा नियम तिने त्याच दिवशी बंद केला. आता ती रोज सगळ्या दारांवर जाते, माणूस डोळ्यांनी बघते, मग पुढचं दार. मीही वर चढतो. त्या बुधवारचं मला एका शब्दाने बोलली नाही, आजपर्यंत नाही. मीच दोनदा विषय काढला, तर म्हणाली, "भावजी, किक मारा, उशीर होतोय." एकदा तोंडावर बोलली असती, चार शिव्या घातल्या असत्या, तर मला झोप तरी लागली असती.

काकांचा खिळा रिकामा आहे. नवीन किल्ली आली की ती तो सोडून दुसरा ठोकते. रोज निघण्याआधी आम्ही चहा घेतो, तेव्हा साडेसात होतात. फोन तिथेच टेबलावर असतो. तो वाजत नाही. चपला तिने आधीच घातलेल्या असतात, आणि मी त्या चपलांकडे बघत बसतो.