खांदे कमी, कंबर आत

मासिकाचा अंक हातात पडला तो बुधवारी. बुधवार म्हणजे बाजारात आईला मान वर करायला फुरसत नसते, पण मला धीर नव्हता. वेसाव्याच्या मासळी बाजारात ती जिथे पंचवीस वर्षं बसते तिथे मी पोचले, तेव्हा ती कुणाला तरी सुरमईचे तुकडे करून देत होती. मी तिच्यासमोर पान उघडून धरलं. पानभर जाहिरात होती, प्रोटीन पावडरची. एक पुरुष, एक बाई, दोघांच्या हातात डंबेल.

आईने कोयता बाजूला ठेवला, डोळे बारीक केले.

"ही कोण गो?"

"मी."

"खोटं."

"अगं मीच. नीट बघ ना."

तिने नीट बघितलं. शेजारची मावशीही आपली कोळंबी सोडून वाकली. मग आई म्हणाली, "तोंड तुझं आहे. दंड कोणाचे?"

तोवर मी स्वतःही ते पान धड बघितलं नव्हतं. रस्त्यात घाईघाईत उघडलं, आपण छापून आलो एवढ्यावरच खूश झाले होते. आता तिथे, ओल्या फरशीवर उभी राहून बघितलं. चेहरा माझा होता, पण हनुवटी जरा टोकदार. खांदे एखाद्या कॉलेजच्या मुलीचे असावेत तसे उतरते. दंड सडपातळ, गुळगुळीत. कंबर इतकी आत की बरगड्या कुठे गेल्या कळेना. रंग दोन छटा उजळ. डाव्या हातावर कोयत्याची जुनी खूण आहे माझ्या, दहावीत असताना झालेली, तीही नव्हती.

आईने अंक परत दिला नाही. घडी करून पैशांच्या पिशवीखाली ठेवला आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळली. नंतर समजलं, दिवसभर तिने तो कुणालाच दाखवला नाही.

माझे खांदे मुळात तिच्याकडूनच आलेत. ती डोक्यावर पाटी घेऊन चालायची, मी लहानपणापासून बर्फाचे क्रेट उचलायचे. शाळेत मला पैलवान म्हणायचे, म्हणून मी उन्हाळ्यातही पूर्ण बाह्यांचे कपडे घालायचे. पंचविसाव्या वर्षी सात बंगल्याजवळच्या एका जिममध्ये रिसेप्शनवर लागले. तिथल्या ट्रेनरनी, ज्यांना आम्ही सर म्हणतो, एकदा मला पाण्याचा वीस लिटरचा जार एका हाताने मशीनवर चढवताना बघितलं. म्हणाले, "हे असं अंग देवाने दिलंय आणि तू पावत्या फाडत बसलीस?" दुसऱ्या दिवसापासून सुरुवात झाली. सात वर्षांनी मी त्याच जिममध्ये ट्रेनर होते आणि बायकांच्या शरीरसौष्ठव स्पर्धेत जिल्हा पातळीवर दुसरी आले होते. घरचे आधी बिकिनी घालून स्टेजवर जाण्यावरून भांडले, मग दमले, मग टाळ्या वाजवायला आले. जाहिरातीसाठी बोलावणं आलं ते त्या दुसऱ्या नंबरामुळे.

शूटिंग साकीनाक्याला होतं, एका इंडस्ट्रियल इस्टेटमधल्या गाळ्यात. खाली लोखंडी दरवाजांचं वेल्डिंग चालायचं, वर स्टुडिओ. मी तीन दिवस मीठ बंद केलं होतं, आदल्या संध्याकाळपासून पाणी घोट घोट. स्नायूंच्या रेघा दिसायला ते करावं लागतं. माझ्यासोबत जो पुरुष होता तो मालिकेत काम करणारा, स्वभावाने चांगला, दिसायला राजबिंडा. दोन शॉट्सच्या मध्ये त्याने वडापाव खाल्ला आणि मलाही विचारलं. त्याच्या हातातलं डंबेल पोकळ होतं. माझंही पोकळच ठेवलं होतं, पण मी खरं मागून घेतलं. खरं वजन हातात असल्याशिवाय दंडाला तो ताण येत नाही. फोटोग्राफर सारखा म्हणत होता, "झकास मॅडम, काय खांदे आहेत, थांबा, हलू नका." मी घरी आले ती तरंगतच.

म्हणून ते पान बघून मला काही समजेना. खांद्यांसाठी बोलावलं, खांद्यांचं कौतुक केलं, मग खांदेच काढले?

जाहिरात एजन्सीतल्या बाईला मी फोन केला. ती गोड बोलली. "किती सुंदर आलाय फोटो! क्लायंट एकदम खूश आहे."

"पण ती मी नाहीये."

"थोडं रिटचिंग सगळ्यांचंच होतं, मॅडम."

"थोडं?"

"ते आम्ही करत नाही. बाहेर करून घेतो. आणि क्लायंटने अप्रूव्ह केलंय ना, आता काय करणार?"

मी विचारलं, बाहेर म्हणजे कुठे? तिने सांगितलं. त्याच गाळ्याच्या पोटमाळ्यावर.

पुढच्या सोमवारी दुपारी मी मेट्रोने साकीनाक्याला गेले. मनात भांडणाची पूर्ण तयारी होती. वाक्यंसुद्धा ठरवली होती. पोटमाळ्यावर दोन मोठ्या स्क्रीनसमोर एक बाई बसली होती, माझ्यापेक्षा चार-पाच वर्षांनी मोठी, चष्मा, शेजारी उघडा डबा. तिने वळून बघितलं आणि हातातली पोळी तशीच राहिली.

"तुम्ही त्या पावडरच्या," ती म्हणाली. "खांद्यांवरून ओळखलं."

माझी ठरवलेली वाक्यं तिथेच अडली. मी एवढंच म्हणाले, "मग ते कुठे घातलेत?"

तिने मला स्टूल दिलं. मुलुंडहून येते म्हणाली, आधी लग्नाचे अल्बम करायची, आता सगळं हेच. मग न विचारताच तिने फाइल उघडली. "हे ओरिजिनल."

तो फोटो मी पहिल्यांदा बघत होते. खांद्याचे तिन्ही भाग वेगवेगळे दिसत होते, दंडावरची शीर कोपरापर्यंत गेलेली, हातावर कोयत्याची खूण, दंडावर लहानपणच्या लसीचा गोल व्रण. चेहऱ्यावर वजनाचा जोर होता. खोटं कशाला बोलू, मला मी फार आवडले.

मग तिने एकेक बदल चालू करून दाखवला. एक क्लिक, शीर गेली. एक क्लिक, खांदा आत सरकला, जसा ओल्या पिठाचा गोळा बोटाने दाबावा. व्रण गेला. खूण गेली. रंग चढला. शेवटी ती मासिकातली बाई उरली.

"कुणी सांगितलं हे?"

तिने एक कागद पुढे केला. मेलची प्रिंट होती. त्यावर माझ्यासाठी: खांदे कमी, कंबर आत, शिरा काढणे, दंड नाजूक, रंग उजळ, चेहरा सॉफ्ट. त्याच कागदावर खाली त्या पुरुषासाठी: खांदे रुंद, छाती भरीव, शिरा ठळक, पोटावर कट्स वाढवणे.

मी ते दोनदा वाचलं. एका सकाळी, एका खुर्चीत बसून तिने माझ्या शिरा पुसल्या होत्या आणि वडापाव खाणाऱ्या माणसाला शिरा रेखून दिल्या होत्या.

"पण का? पावडर कशाची आहे? स्नायूंची ना?"

"बायका घाबरतात म्हणे," ती म्हणाली. "पावडर घेतली तर आपण असं दिसायला लागू, म्हणून घेणार नाहीत. मी दोनदा फोन केला होता. म्हटलं, खांदे राहू देत, छान आहेत. कमी करा म्हणाले. तिसऱ्यांदा विचारलं असतं तर काम दुसऱ्याकडे गेलं असतं."

"मला हे खांदे करायला सात वर्षं लागली."

"मला चाळीस मिनिटं लागली," ती म्हणाली. मिरवून नाही. तिने ते म्हटलं आणि मान खाली घालून डब्याचं झाकण लावलं.

मी म्हटलं, मला ओरिजिनल द्या. ती म्हणाली, देता येत नाही, तशी सही केलीय. सही मीही केली होती, वाचली नव्हती. मग ती डबा धुवायला खाली गेली आणि चांगली दहा मिनिटं आली नाही. ओरिजिनल स्क्रीनवर तसाच उघडा होता. मी मोबाइलने त्याचा फोटो काढला. फोटोवर आडव्या पट्ट्या आल्या आणि मध्ये माझ्याच हाताचं प्रतिबिंब. तरी ठेवला. खाली जिन्यात ती भेटली, तेव्हा धुतलेला डबा हातात घेऊन ती मला वाट द्यायला बाजूला सरकली.

वाटलं होतं, मासिकाचा अंक महिन्याभरात रद्दीत जाईल आणि विषय संपेल. पण पावडरवाल्यांनी त्याचं पोस्टर केलं आणि आमच्या जिमच्या मालकांनी ते दारातच लावलं. माणसाएवढं मोठं. आपल्या जिमची ट्रेनर जाहिरातीत, म्हणून त्यांना अभिमान. रोज सकाळी सहाला मी त्या बाईच्या शेजारून आत जायचे.

दोन आठवड्यांत एक नवी मेंबर आली, ऑफिसात काम करणारी, तिशीची. तिचा फॉर्म भरताना मी विचारलं, काय ध्येय आहे?

तिने पोस्टरकडे बोट दाखवलं. "तसं. फिट, पण बायकी. प्लीज राग मानू नका हां, पण तुमच्यासारखं नको. हे जरा जास्त होतं."

"ती मीच आहे."

ती हसली. मग माझ्याकडे, पोस्टरकडे, परत माझ्याकडे बघितलं. "अय्या! कधीचा फोटो?"

"दोन महिन्यांपूर्वीचा."

तिच्या चेहऱ्यावर जे आलं ते मी आजही विसरत नाही. कीव होती ती. "मग दोन महिन्यांत असं कसं झालं? व्यायाम सुटला का?"

मी तिला समजावलं. कॉम्प्युटरवर करतात, तो खांदा खोटा आहे, हा खरा. ती मान डोलावत राहिली, पण मला दिसत होतं की तिला पटलेलं नाही. तिला वाटत होतं मी सारवासारव करतेय. तिच्यानंतर आणखी दोघी तसंच बोलल्या. एकीने तर हळूच सुचवलं, की मॅडम, तुम्ही परत तशा होऊ शकाल, मनावर घ्या.

चीड यायची, पण चीड दुसऱ्यांवर किती दिवस काढणार? ती आतच वळली. कपडे बदलताना आरशात मला माझे दंड जाड वाटायला लागले. जे सांगायची आजही लाज वाटते ते असं: मी खांद्यांचा व्यायाम टाळायला लागले. ठरवून नाही. आज खांदा दुखतोय, आज पाठ करू, आज वेळ नाही. सरांना सांगायचे, केलं. त्या काळात मी फोटो काढतानाही एक खांदा मागे घेऊन उभी राहायला शिकले.

पावसाळ्यानंतर स्पर्धा होती. स्टेजमागे अंगाला गडद रंग लावून उभी असताना सर आले, मला समोरून, बाजूने बघितलं आणि विचारलं, "खांदे कुठे आहेत?"

मी नंबरचा बिल्ला नीट करायला लागले.

"मी काय विचारतोय? डाएट तेच, वजन तेच. खांदे कुठे गेले?"

"सर, नंतर बोलू."

"नंतर काय बोलणार? वाट लावलीस."

मी सहावी आले. निकालानंतर हॉलच्या पायऱ्यांवर बसून मी त्यांना सगळं सांगितलं, तुटक तुटक. त्या नव्या मेंबरचं, आरशाचं, टाळलेल्या व्यायामाचं. मला वाटलं ते ओरडतील. ते बराच वेळ आपल्या बुटाची लेस सोडत-बांधत राहिले. मग म्हणाले, "मी रोज समोर होतो आणि मला दिसलं नाही. चूक माझीपण आहे." आणि थोड्या वेळाने, "सोमवारी खांदे."

सोमवारी खांदे केले. पहिले दोन आठवडे माझं नेहमीचं वजनसुद्धा वर जाईना. रॅकवर बार परत ठेवताना डोळ्यांत पाणी यायचं, दुखण्याने नव्हे, स्वतःच्या मूर्खपणाने. कुणी माझ्याकडून काही हिरावून नेलं नव्हतं. त्यांनी फोटोत कमी केलं, अंगावरचं मी कमी केलं.

दिवाळीच्या आधी एजन्सीतल्या त्या बाईचा परत फोन आला. दुसरी जाहिरात होती. मी म्हटलं, येते, पण लिहून द्या की अंगाला हात लावणार नाही. डाग, पुटकुळी काढा, आकार बदलायचा नाही.

"असं लिहून कुणीच देत नाही, मॅडम."

"मग नको."

"तुम्ही विचार करा ना. एवढी संधी..."

"विचार करूनच बोलतेय."

फोन ठेवल्यावर मोकळं वाटेल असं वाटलं होतं. वाटलं नाही. एक काम गेलं आणि ते करायला दुसरी कुणीतरी उभी राहणार, तिच्याही खांद्यांचं काहीतरी होणार, एवढंच डोक्यात फिरत राहिलं.

त्याच आठवड्यात मी मालकांकडे गेले आणि पोस्टर काढा म्हणून सांगितलं. ते हिशेबी, पण वाईट माणूस नाहीत. त्यांनी मला बसायला सांगितलं, चहा मागवला.

"त्या पोस्टरमुळे लेडीज बॅच वाढलीय, ठाऊक आहे ना तुला?"

"ठाऊक आहे. पण त्या ज्यासाठी येतात ते मी त्यांना देऊ शकत नाही. ते नाहीचये."

"अगं, सगळ्या जाहिराती तशाच असतात. लोकांना कळतं."

"नाही कळत. मला स्वतःला कळत होतं, तरी स्पर्धेत माझं काय झालं बघितलंत ना?"

त्यांनी चहाचा कप खाली ठेवला. मग म्हणाले, "पण शेवटी तूच आहेस ना ती? मग तुला त्रास नेमका कसला होतो, ते सांग."

त्यांना खरंच जाणून घ्यायचं होतं. मी तोंड उघडलं. कागदावरची यादी, त्या पुरुषाच्या शिरा, कीव करणारी ती मेंबर, सहावा नंबर, सगळं एकदम जिभेवर आलं आणि त्यातलं कुठलं आधी सांगावं समजेना. बाहेर त्या पोस्टरशेजारून संध्याकाळची बॅच आत यायला लागली होती. मी म्हटलं, सांगते नंतर, आणि वॉर्मअप घ्यायला गेले.