पलटणीची कोयनेल

आमचं गाव जळगाव जामोदच्या पुढं, सातपुड्याच्या पायथ्याशी. पाऊस सरला की घरोघरी हिवताप यायचा आणि पाव्हण्यासारखा मुक्काम ठोकायचा. त्याची फारशी धास्ती नव्हती, कारण टपालकचेरीत कोयनेलच्या, म्हणजे क्विनीनच्या, पुड्या मिळत. कार्डं-पाकिटं विकणारे मास्तरच त्या काढून देत. तोंड कडूजहर व्हायचं, पण ताप पळायचा.

दुसरी मोठी लढाई आमच्याकडं आली ती आधी गमतीची होती. तहसिलीतली माणसं विमानासाठी वर्गणी मागून गेली. आमच्या गावाच्या वाट्याला त्याचं एखादं चाक आलं असेल, ते डोक्यावरून कधी जातं म्हणून आम्ही पोरी आभाळाकडं बघत बसायचो. मग रॉकेल मिळेना, कापड मिळेना, आणि एक दिवस कोयनेलही मिळेना. सगळी पलटणीकडं जाते, असं मास्तरांनी सांगितलं.

नेमकी त्याच वर्षी माझी धाकटी बहीण तापानं पडली. दिवसाआड हुडहुडी भरायची. माय घरातल्या सगळ्या गोधड्या तिच्यावर टाकायची, शेजारची पिंजाऱ्याची चाची आपली रजई वर घालायची, तरी त्या ढिगाखाली पोर थडथड कापायची. गुळवेलीचे काढे झाले, गंडेदोरे झाले. पोटात पानथरी, म्हणजे प्लीहा, वाढली. पोर हाती लागत नाही, असं बायका मायच्या मागं बोलू लागल्या.

मामा तेव्हा पलटणीत होता. मायचा तो धाकटा भाऊ, आईविना तिनंच वाढवलेला. तो रजेवरून परत निघाला की माय रडून घर डोक्यावर घ्यायची. एकदा तर तिनं त्याचे बूट कडब्याच्या गंजीत लपवले होते. कोयनेल मिळत नाही हे तिनं त्याला कळवलं होतं, म्हणून त्या खेपेला तो आला तो माझ्या बहिणीच्या खाटेपाशीच बसला. त्यानं रुमालाची गाठ सोडली. आत गोळ्या होत्या, कडेनं विरघळलेल्या.

छावणीत रोज रांगेत उभं करून गोळी देत आणि गिळेपर्यंत हवालदार समोरून हलत नसे. मामा ती जिभेखाली धरून ठेवायचा, मागं जाऊन काढायचा आणि वाळवायचा. कडू लागत नव्हती का, असं मी विचारलं. त्यानं असं तोंड केलं, की बहीण किती दिवसांनी हसली.

गोळ्या सुरू झाल्या आणि तिचा ताप हटू लागला. पण गोळ्या निम्म्यावर आल्या नाहीत तोच ओसरीवर मामाला हुडहुडी भरली. त्याच्या वाटणीचं औषध आपल्या लेकीच्या पोटात गेलंय, हे मायला तिथंच उमगलं. उरलेल्या गोळ्या तिनं त्याच्यापुढं धरल्या. त्यानं तिची मूठ मिटवली.

"बाई, हे तिलेच दे. माह्यावर सरकारनं लय खर्च केला हाय, ते मले मरू देनार नाहीत. तिच्यावर कोनं खर्च केला?"

छावणीच्या दवाखान्यात त्याला कोयनेल मिळणार होती. आमच्या मुलखात ती कुठंच नव्हती. सरकारचा मला अजून राग येतो तो ह्याचा.

रजा बरीच शिल्लक होती. तरी मायनं स्वतः त्याचं बोचकं बांधलं आणि त्याला धरून मोटारीपर्यंत नेलं. नांदुऱ्याच्या स्टेशनावर जाणारी ती मोटार, पेट्रोल मिळत नाही म्हणून कोळशाच्या गॅसवर चालायची. ड्रायव्हर भट्टी पेटवत होता तोवर मामा म्हणाला, की आणखी चार दिवस राहतो, आपोआप उतरेल. माय रडली नाही.

"नको बाबू. आताच जाय."

जन्मात पहिल्यांदा तिनं त्याला जा म्हटलं. मला तिचा इतका कळवळा आला, की मी तिचा पदर धरून उभी राहिले.

मामा छावणीत बरा झाला. चांगला ठणठणीत झाला, म्हणून त्याला ब्रह्मदेशाकडं धाडलं. तिथून तो आला नाही.

बहीण जगली, तिला आता नातवंडं आहेत. माय होती तोवर तिची वेणी घालायला बसायची, आणि घालता घालता मधेच तिचे हात थांबायचे.

"मीनंच धाडलं त्याले," म्हणायची.