वर्षभराचा वारा

हवाअण्णा कुणाकडेही गेले की आधी दारातच ओलं बोट वर धरून वारा पाहायचे, मग चपला काढायचे. माझ्या लग्नात त्यांनी भटजींना होमकुंडच हलवायला लावलं. "धूर सगळा बायकांकडे जातोय," म्हणाले. मग तो सगळा माझ्याकडे आला. घळाघळा रडणारा नवरदेव म्हणून कानडी मुलखातल्या आमच्या शिवाजीनगरच्या मराठी मंडळींत मी अजून ओळखला जातो.

हे माझ्या थोरल्या बहिणीचे, अक्काचे, यजमान. प्रदूषणाच्या सरकारी कचेरीत इंजिनियर. नव्या कारखान्याला हवेची परवानगी द्यायची की नाही, हे त्यांच्या शेऱ्यावर ठरायचं. शेरा लिहिण्याआधी ते कारखान्याच्या जागेजवळच्या एखाद्या घरी जेवून यायचे. "जिथं धूर पोचणार तिथलं मीठ खाऊन यावं. मग हात सांभाळून चालतो."

नव्वदच्या दशकात किनाऱ्यावर तेलशुद्धीकरण कारखाना काढायचं घाटत होतं. कंपनीनं वारा मोजला होता, पण फक्त थंडीतला. तेव्हा तो रात्रभर समुद्राकडे वाहतो. उन्हाळ्या-पावसाळ्यात तोच समुद्रावरून गावावर येतो. अण्णा अडून बसले : वर्षभर वारा मोजा, मग धुराड्याची उंची ठरवू. साहेब म्हणाले, "स्वल्प अ‍ॅडजस्ट माडी, थोडं जमवून घ्या, नाहीतर बदलीची तयारी ठेवा." बदली म्हणजे सिमेंटच्या भट्ट्यांचं गाव. आणि अक्काला दमा. तिला तिकडं नेणं शक्यच नव्हतं.

मी शहाणपणा शिकवायला गेलो. "अण्णा, तुम्ही नाही केली सही, तर दुसरा करील."

अण्णा अक्काकडे बघत राहिले. ती भेंडी चिरता चिरता थांबली, दम घेतला आणि मला म्हणाली, "तू बोलू नकोस रे. तुला होमाचा धूर सोसला नाही." मग त्यांच्याकडे वळून, "अहो, त्या गावात माझ्यासारखी एखादी असेलच की. नका करू सही. मी राहते भावाकडे."

बदली झाली. अक्का आमच्याकडे आली. अण्णा महिन्या-दोन महिन्यांनी यायचे ते थेट मागच्या मोरीत. डोक्यावरून पाणी घेऊन, कपडे बदलून मगच तिच्या खोलीत. एकदा माझी बायको म्हणाली, "अण्णा, चहा तरी घ्या आधी." तर म्हणाले, "अंगावर अजून सिमेंट आहे हो."

पुढच्या थंडीत अक्काला हॉस्पिटलात ठेवावं लागलं. अण्णा धावत आले. त्याच आठवड्यात पेपरात आलं होतं : कारखान्याला परवानगी मिळाली, थंडीतल्याच मोजणीवर. मी वाचलं होतं. अण्णांच्या पिशवीतून तोच पेपर डोकावत होता.

अक्कानं ऑक्सिजनचा मास्क बाजूला केला. "मोजताहेत ना हो वारा?"

अण्णांनी मास्क पुन्हा नीट बसवला, पट्टी कानामागे सरळ केली.

"मोजताहेत. वर्षभर मोजणार आहेत."

"सरी, बरं मग," मास्कच्या आतून अक्का म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती गेली. निवृत्तीनंतर अण्णा शेवटपर्यंत आमच्याकडेच राहिले. बोलायला मी इतका तोंडाळ, पण त्या कारखान्याचा विषय मी त्यांच्यासमोर कधी काढला नाही.