मानद सल्लागार हेमलताबाई

दिवाळीला आठ दिवस उरले की दिल्लीच्या आर. के. पुरमवर धुराची गोधडी पडते. त्या सकाळीही समोरच्या ब्लॉकचा वरचा मजला गायब होता. हेमलताबाई बाल्कनीतल्या तुळशीचं एकेक पान ओल्या फडक्याने पुसत होत्या. दुपारपर्यंत ते पुन्हा काळं होणार हे ठाऊक होतं, तरी पुसत होत्या. समोरचं सुधारत नाही म्हणून सोडून द्यायचं, हे बाईंच्या स्वभावातच नव्हतं.

तुळस झाली की ताईंचं काम. ताई म्हणजे आरशातली बाई. ताईंना क्रीम लावायचं, ताईंचा जबडा अंगठ्यांनी चोळायचा, ताईंकडून आ, ई, ऊ म्हणवून घ्यायचं. पावणेदोन वर्षांपूर्वी घरच्या गॅसच्या नळीने पेट घेतला. हात डागांवर सुटले, चेहरा मात्र गेला. पुढे डॉक्टरांनी देवाघरी गेलेल्या कुणा बाईचा चेहरा त्यांना लावला. ती कोण, कुठली, हे विचारायचं नव्हतं. हेमलताबाई देवापुढे तिच्यासाठी एक वात जास्त लावत, आणि नाव माहीत नाही म्हणून तिला ताई म्हणत.

पण ताई फारच सोज्वळ निघाल्या. हेमलताबाईंच्या भुवया जन्मापासून कंबर कसून उभ्या. ताईंच्या भुवया कुणालाही आधी वाट देतील अशा. पूर्वी बाईंना लांबून पाहिलं की भाजीवाला तराजू नीट करायचा. आता तोच 'बहनजी' म्हणून कोथिंबीर फुकट द्यायला लागला, तेव्हा भांडायचं तरी कशावरून? नवरा सूर्यकांतराव केंद्र सरकारच्या एका खात्यात अधिकारी. उभा जन्म घरात बनियनवर काढला, आणि आता चहाला शर्ट घालून यायला लागले. एकदा बाई दारातून आत आल्या, तर पेपर बाजूला ठेवून म्हणाले, "या, बसा." बाई बसल्या, आणि तासभर त्यांच्याशी बोलल्या नाहीत.

लेक कादंबरी तेवढी धीट. दिल्लीतच वाढलेली, मराठी हिंदीत बुडवून खाणारी. "आई यार, तू बिल्कुल आमच्या मेहता मॅमसारखी दिसतेस," म्हणून मोकळी झाली. त्या सकाळी मोबाइल घेऊन तीच आली. वसाहतीतल्या मराठी महिला मंडळाने दिवाळीत विकायच्या फराळाची यादी ग्रुपवर टाकली होती. कोण चकल्या करणार, कोण शेव, आणि अनारशांपुढे नाव होतं मंडळातल्या लतिकाचं. एकवीस वर्षं ती कढई हेमलताबाईंची होती; गेल्या दिवाळीला त्या इस्पितळात, तर मंडळाने फराळच केला नव्हता. त्यांचं नाव सगळ्यात खाली होतं, ठळक अक्षरात: मानद सल्लागार.

सरकारी वसाहतीत याचा अर्थ शेंबड्या पोरालाही कळतो. निवृत्त साहेबाला सल्लागार करतात म्हणजे खुर्ची देतात, फाइल देत नाहीत. "सन्मानच आहे की," सूर्यकांतराव शर्टाचं बटण लावत म्हणाले. बाईंनी त्यांच्याकडे पूर्वीसारखं पाहिलं. ताईंच्या भुवयांनी ते पाहणं पोहोचूच दिलं नाही.

पावणेदोन वर्षांत बाईंनी मंडळातल्या एकीलाही घरी येऊ दिलं नव्हतं. फोटो मागितला की विषय बदलायच्या, व्हिडिओ कॉल आला की कापायच्या. पण कढई हातची गेली तर उरलं काय? मानेवरचे वण झाकायला त्यांनी गळाबंद पंजाबी ड्रेस चढवला, डोक्यावरून ओढणी घेतली, मास्क लावला आणि तीन ब्लॉक सोडून, जिथे मंडळाचा फराळ व्हायचा त्या अरुणाताईंच्या तळमजल्यावरच्या क्वार्टरकडे निघाल्या. वाटेत अकरा वाक्यं तयार केली. त्यातली चार शालीन होती.

मागच्या अंगणात शेगड्या पेटल्या होत्या. बाईंनी बोलायला मास्क खाली केला. अरुणाताईंनी वर पाहिलं आणि म्हणाल्या, "आइए भाभीजी, ऑर्डर लिखवानी है?"

अकराच्या अकरा वाक्यं मराठीत होती. बाहेर आलं ते नुसतं "जी".

बायकांनी त्यांना प्लास्टिकच्या खुर्चीवर बसवलं, पाणी दिलं, आणि दोन मिनिटांत विसरून गेल्या. दिल्लीतल्या आपल्या माणसांची एक जुनी श्रद्धा आहे: समोरच्याला मराठी येत नाही. बसमध्ये, बँकेत, डॉक्टरकडे ती भलभलत्या वेळी तोंडघशी पाडते, पण श्रद्धा ढळत नाही.

लतिका म्हणाली, यंदा काम कसं शांततेत चाललंय. मागे हेमलताताईंनी तिचा अनारसा उलटापालटा करून पाहिला होता आणि सांगितलं होतं, हा तुझ्या नवऱ्याला घाल, गिऱ्हाइकाला नको. सगळ्या खिदळल्या. हेमलताबाईंनाही हसू आलं, पण ताईंच्या गालांपर्यंत हसू पोहोचायला अजून वेळ लागे. त्यामुळे भाभीजी गंभीरच दिसल्या.

कुणीतरी म्हणालं, तरी बोलवायला हवं होतं त्यांना, नुसत्या बसल्या असत्या.

अरुणाताई शेव पाडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "बोलवायला काय गं. पण आल्या की बघायचं कुठे? मला नाही जमायचं. मी रडेन, आणि त्या म्हणतील, तेलात पाणी पाडू नकोस."

बाईंनी ग्लास खाली ठेवला. आता गुपचूप उठून गेलं की जन्मभराचं सल्लागारपद पक्कं, हे त्यांना स्वच्छ दिसलं. तरी पाय दाराकडेच वळले.

तेवढ्यात लतिकाने अनारसा तुपात सोडला आणि तो कडेने सुटत गेला. जाळी फाकली, भुगा झाला. दुसराही तसाच. तिसऱ्याला लतिकाने आच वाढवली.

हे पाहून गप्प बसणं बाईंच्या आवाक्याबाहेरचं होतं.

"आधी आच कमी कर, लतिके. गूळ जास्त झालाय. दोन चमचे कोरडी पिठी मळ त्यात. आण तो झारा."

ओठ अजून पुरते मिटत नसल्याने शब्द जरा वाऱ्यावर जात, पण पुढे आलेला हात ठाम होता. लतिकाने झारा देऊन टाकला, दोन पावलं मागे सरली आणि पदर खोचून हुकमाची वाट बघत उभी राहिली. आपण काय केलं हे नंतर तिच्या लक्षात आलं.

बाईंनी गॅसच्या नळीवर एक नजर टाकली, मग कढईवर वाकल्या. उजव्या गालाला चटका बसल्यासारखं झालं. कित्येक महिने त्या गालाला ऊन की गार कळलं नव्हतं. त्या झटकन मागे झाल्या, गालावर हात गेला, आणि "भाजलं की मेलं मला," असं पुटपुटल्या. ताईंना नव्हे, मला.

अरुणाताई हात पुसत जवळ आल्या. कपाळ पाहिलं, हनुवटी पाहिली, मग डोळ्यांत पाहिलं, आणि तिथे बराच वेळ थांबल्या. नाकातलं पाणी पदराने टिपून त्या म्हणाल्या, "नाक आधीचं बरं होतं."

"तुझं कधीच नव्हतं," हेमलताबाई म्हणाल्या.

मग एकच गलका झाला. कुणी विचारलं दुखतं का, कुणी विचारलं खाताना चव लागते का. बाईंनी सांगितलं, दुखत नाही, खाजतं. आणि पहिले सहा महिने ताईंची परवानगी न विचारता खाजवायचीसुद्धा लाज वाटायची. लतिका हळूच म्हणाली, "यादीत बदल करू का, ताई? अनारशांपुढे तुमचं नाव?"

"दोघींची घाल. पण ते सल्लागार खोड. अजून निवृत्त झालेले नाही मी."

मळलेलं पीठ समोर आलं. बाईंनी ओढणी कमरेला बांधली, लिंबाएवढा गोळा घेतला, खसखशीवर ठेवला आणि बोटांच्या टोकांनी थापायला लागल्या.