पहिल्या क्रमांकाचं कॉलेज

गुणपत्रिका हातात आली की तो आधी ती टेबलावर पालथी घालायचा आणि मुलाकडे वळायचा. "टक्के मंग पाहू. कुठं जायचं आहे तुले?"

लकडगंजातल्या त्याच्या नेट कॅफेत दरवर्षी अकरावीचे ऑनलाइन फॉर्म भरायला रांग लागे. असा माणूस तुमच्याही चौकात असेल, आणि त्याच्यापुढे आपण आईबाप किती बावळट दिसतो, हेही तुम्हाला ठाऊक असेल. एकदा इतवारीतल्या एका धान्यवाल्या शेठनी मुलाने तोंड उघडायच्या आत कॉलेजचं नाव सांगून टाकलं. हा गंभीरपणे म्हणाला, "शेठ, यंदा दहावी तुमी पास झाले का?"

सगळ्यात मोठ्याने मी हसलो. मग आमची पाळी आली.

माझ्या मुलीला चौऱ्याऐंशी टक्के होते. तिला मानसशास्त्र शिकायचं होतं आणि ते शहराच्या दुसऱ्या टोकाच्या कॉलेजात होतं. आदल्या वर्षी तिथली यादी शहाऐंशीवर थांबलेली. मी स्वतःला व्यवहारी म्हणवतो. खरं तर भित्रा. म्हणालो, "घराजवळचं कॉलेज पहिल्या क्रमांकावर टाका." तिथे तो विषयच नव्हता.

"काहून घाबरून राहिले, भाऊ? मार्क पोरीचे, अन् घाम तुमाले! तिचं वर टाका, जवळचं खाली. वरचं नाही लागलं तं खालचं आहेच."

"आणि दोन्ही गेली तर?"

"जवळचं वर टाकाल तं तेच लागंल, अन् पहिल्या पसंतीचं लागलं तं घ्याच लागते बरं. मंग मागं फिरता येत नाही."

मुलगी माझ्याकडे बघत होती. मी स्क्रीनकडे. त्याने माउस माझ्यापुढे सरकवला. "मी नाही दाबत. तुमीच दाबा."

घराजवळचंच वर ठेवून मी दाबलं.

पहिल्याच यादीत घराजवळचं लागलं. तिच्या कॉलेजची यादी त्या वर्षी त्र्याऐंशीवर थांबली. "जवळ आहे, बरंच झालं," ती म्हणाली. वाक्य माझंच होतं.

यंदा ती बारावी झाली. पदवीचा फॉर्म त्याच्याकडेच भरायचा आणि त्या निमित्ताने त्याच्यापुढे चूक कबूल करायची, असं ठरवून गेलो. दुकानात मोबाइलची कव्हरं टांगलेली. नव्या मालकीणबाई म्हणाल्या, "ते तं हिंगण्याले कंपनीत लागले. फॉर्म भराले आता कोण येते, भाऊ?"

घरी येऊन मुलीला म्हटलं, "तो गेला गं दुकान सोडून. आता फॉर्म कुठे भरायचा?"

"भरला, बाबा. मोबाइलवर, सकाळीच."

पहिल्या क्रमांकावर काय टाकलं, ते विचारायची माझी हिंमत झाली नाही. ती आपणहून सांगेल म्हणून थोडा वेळ तिच्या दारात उभा राहिलो.