विकायच्या घरातल्या बीबीजान

कॅनडाला निघताना नागपूरच्या विमानतळावर बाबांनी माझ्या हातात एक जाड फाइल दिली. "प्रज्ञा, हे बॅगेत टाकू नको. कपडे हरवले तर दुसरे घेता येतात." फाइलमध्ये माझी आर्किटेक्चरची डिग्री, गुणपत्रिका आणि अनुभवाचे दाखले होते. बाबा पोस्टात होते. आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली मुलगी. शिकलेलं कोणी हिसकून घेऊ शकत नाही, हे त्यांचं लहानपणापासूनचं पालुपद. आई माझ्या चार वर्षांच्या लेकीची, मैत्रीची, वेणी सोडून पुन्हा घालत होती. मे महिन्याचं ऊन काचेच्या दारावर असं आपटत होतं की आम्ही आत गेल्यावर बाहेरून त्यांना काही दिसेना. ते दोघं हात हलवत होते, पण आमच्याकडे बघून नव्हे. आमच्या डावीकडे जी रिकामी जागा होती तिला ते निरोप देत होते. मी ओरडले, मैत्री ओरडली. त्यांनी त्या जागेकडे पाहत डोळे पुसले. बाबांना मी पाहिलं ते तेव्हाच शेवटचं. दुसऱ्या हिवाळ्यात ते गेले आणि मी अंत्यविधी फोनवर पाहिला.

हे सगळं तुम्हा नागपूरच्या माणसांना माहीत आहे. पुढचं मी तुमच्यापैकी कुणाला सांगितलेलं नाही. इथल्या आपल्या असोसिएशनच्या लोकांनाही नाही. दर महिन्याला आम्ही एका कम्युनिटी सेंटरमध्ये भेटतो, बुद्धवंदना होते, मग जेवताना कोण कुठे लागलं याची चौकशी. बहुतेक सगळे सॉफ्टवेअरमधले, माझा नवरा अमोलही. त्याला तीन महिन्यांत जॉब मिळाला. माझ्या फाइलकडे मात्र जो तो आदराने बघायचा आणि म्हणायचा, "कॅनेडियन एक्सपीरियन्स?" वर्षभर अप्लाय करून शेवटी मला वॉन या गावातल्या, भाड्याच्या फर्निचरच्या एका वेअरहाऊसमध्ये काम मिळालं. घरी मी सांगितलं, इंटीरियरचं काम आहे. ते खोटं नव्हतं.

इथे रिकामं घर विकायचं असेल तर ते आधी सजवतात. भाड्याचे सोफे, पलंग, दिवे, गालिचे आणून असं मांडतात की बघायला येणाऱ्याला वाटावं, कुणी सुखी माणसं राहतात आणि आत्ताच बाहेर गेली आहेत. याला होम स्टेजिंग म्हणतात. पुस्तकं ठेवायची, पण कणा भिंतीकडे करून, म्हणजे नावं दिसत नाहीत. जेवणाच्या टेबलावर सहा ताटल्या मांडायच्या. फोटो एकाही माणसाचा ठेवायचा नाही. घर विकलं गेलं की ट्रक नेऊन सगळं परत आणायचं. पहिले काही महिने मला त्या घरांमध्ये एकटीला वॉशरूमला जायचीही भीती वाटायची. आपण कुणाच्या तरी घरात शिरलोय, आणि ते कोण आहेत ते कुणालाच माहीत नाही, असं वाटत राहायचं.

माझी जोडीदार होती जर्मीना, पन्नाशीची. मी तिला आपा, म्हणजे ताई, म्हणायचे. काबूलमध्ये ती मुलींच्या शाळेची मुख्याध्यापिका होती आणि भूमिती शिकवायची. शाळा आधी बंद झाली, मग जाळली गेली, तिला निघावं लागलं. मधली काही वर्षं पेशावरमध्ये काढल्यामुळे तिला उर्दू यायची, मला हिंदी, आमचं भागायचं. गालिचा अंथरताना ती टेप न लावता काटकोन साधायची. ती, तिची मुलगी लैला आणि म्हातारी आई, अशा तिघी एका बेसमेंटमध्ये राहायच्या. लैला एका वृद्धाश्रमात शिफ्टमध्ये काम करायची. आपाला कामाबद्दल तक्रार करताना मी कधी ऐकलं नाही. एकदाच म्हणाली, "प्रज्ञा, तुम्हारे काग़ज़ यहाँ पहुँचे तो सही. मेरे तो स्कूल के साथ जल गए."

तिसऱ्या हिवाळ्यात आम्ही शेजारच्या रिचमंड हिलमधलं एक मोठं घर सजवलं. ते लवकर विकलं जाईना. दर आठवड्याला कुणीतरी जाऊन धूळ पुसायची, उशा नीट करायच्या. पहिल्यांदा मी गेले तेव्हा वरच्या बेडरूममधली आरामखुर्ची खिडकीकडे वळलेली होती. घर दाखवणाऱ्या एजंटने वळवली असेल म्हणून मी ती सरळ केली. पुढच्या आठवड्यात ती पुन्हा खिडकीकडे. स्वयंपाकघरातलं सिंक ओलं होतं. जिन्यात वेलदोड्याचा वास होता, अगदी पुसट. मागच्या दाराशी बर्फात दोन माणसांच्या पावलांचे ठसे होते. एक पाऊल नीट, एक फरपटलेलं. ठसे आत गेलेले होते आणि बाहेर आलेले मला दिसले नाहीत.

मी आपाला सांगितलं. ती म्हणाली, "बर्फ़ गिरी होगी ऊपर से," आणि दुसरीकडे बघत दिव्याची वायर गुंडाळत राहिली.

त्यानंतरच्या गुरुवारी माझी पाळी नसताना मी गेले, कारण एजंटला एक कुशन बदलून हवं होतं. दुपारचे तीन वाजले असतील. इथे हिवाळ्यात तेव्हाच उजेड पिवळा पडायला लागतो. दार उघडलं आणि वरून गुणगुणणं ऐकू आलं. बाईचा आवाज, जुना, एकाच दोन ओळींवर परत परत येणारा. पळून जावं असं वाटलं, पण माझे पाय जिना चढले.

आरामखुर्चीत एक म्हातारी बसली होती. डोक्यावर पांढरी ओढणी, मांडीवर हात. मला बघून ती दचकली नाही. घरच्या मालकिणीने पाहुण्याकडे बघावं तशी हसली आणि हाताने पलंगाकडे खूण केली, बसा. मी बसले. शेजारच्या तिपाईवर आम्हीच मांडलेली रिकामी किटली होती. तिने ती उचलली, कपात वाकवली, काहीच पडलं नाही. कप तिने दोन्ही हातांनी माझ्यासमोर धरला. मी तो घेतला. ती माझ्याकडे बघत होती, म्हणून मी तो ओठांनाही लावला. खरं सांगते, मला कप कोमट लागला.

मग वॉशरूमचं दार उघडलं आणि ओल्या हातांनी आपा बाहेर आली. मला बघून ती भिंतीला टेकली.

"मेरी माँ है," ती म्हणाली. "बीबीजान."

बीबीजानचं डोकं दोन वर्षांपासून ठिकाणावर नव्हतं. बेसमेंटमध्ये ती दिवसभर एकच वाक्य म्हणायची, खाना मेरम. घरी जाते. त्यांच्या दारी भाषेत खाना म्हणजे घर. आपला कारखाना, दवाखाना तिथलाच. दोनदा ती चपला न घालता बर्फात निघाली आणि शेजाऱ्यांनी परत आणली. एकदा लैलाही कामावर होती, आईला सोडायला कुणी नव्हतं, म्हणून आपा तिला घेऊन या घराची धूळ पुसायला आली. जिना चढून, या खिडकीशी बसून बीबीजान म्हणाली, आलो एकदाचे. आणि गप्प झाली. तेव्हापासून आपा तिला आठवड्यातून दोनदा दोन बस बदलून इथे आणत होती. दाराला टांगलेल्या किल्लीच्या पेटीचा कोड एजंटखेरीज आम्हा दोघींनाच माहीत होता.

"यहाँ वो रोती नहीं," आपा म्हणाली. "तुम मालकिन को बताओगी?"

मी काय करायला हवं होतं ते मला ठाऊक होतं. कंपनीची मालकीण डेनिस स्वभावाने वाईट नव्हती, पण हे कळतं तर त्याच दिवशी आपाला काढलं असतं. मी सांगितलं नाही. उलट पुढच्या आठवड्यापासून मीच त्यांना माझ्या गाडीतून नेऊ लागले, कारण बीबीजानचा एक पाय फरपटायचा.

त्या दुपारी विचित्र होत्या. आपा खाली काम करायची, मी वर बीबीजानजवळ बसायचे. ती दारीत बोलायची, मी मराठीत. तिच्या बोलण्याला मी "हो ना बाई" म्हणायचे. मी तिला बाबा कसे गेले ते सांगितलं, जे मी अमोललाही नीट सांगू शकले नव्हते. ती मान हलवायची, नेमकी जिथे हलवायला हवी तिथे. मधेच ती बोट ओठांवर ठेवून छताकडे बघायची. आपाने अर्थ सांगितला, वर मुलं खेळताहेत म्हणते. त्या खोलीच्या वर मजलाच नव्हता. तरी दोन-तीन आठवड्यांनी मीही बोलता बोलता थांबायला लागले, आणि वर बघायला लागले.

मार्चमध्ये घर विकलं गेलं. सामान उचलायला ट्रक बुधवारी येणार होता. तो आदल्या दिवशी, मंगळवारीच आला. मी बीबीजानजवळ होते. खिडकीतून ट्रक ड्राइव्हवेमध्ये वळताना दिसला तेव्हा आपा खालून धावत वर आली. बीबीजानला उठवायला गेलो तर तिने खुर्चीचे हात घट्ट धरले.

ट्रकचा मार्लन आणि त्याचा साथीदार वर आले. आपा म्हणाली, "प्लीज, माय मदर, फाइव्ह मिनिट्स."  मार्लनने दुसऱ्या खोलीपासून सुरुवात केली. पलंग गेला, गादी गेली, गालिचा गुंडाळला. भिंतीवरची चित्रं उतरली. एकेक वस्तू बीबीजानच्या समोरून जात होती आणि खोली मोठी होत चालली होती, आवाज घुमायला लागला होता. शेवटी ती आणि तिची खुर्ची एवढंच उरलं. तेव्हा ती शांतपणे म्हणाली, "बाज आमदन."

आपाने खुर्चीची पाठ धरली. "कहती हैं, फिर आ गए." मग थांबत थांबत तिने सांगितलं. आपा लहान असताना बंदूकवाल्यांनी त्यांचं काबूलमधलं घर असंच रिकामं केलं होतं. तेव्हाही बीबीजान खुर्चीवरून उठली नव्हती. तिचे दोन मुलगे त्या दिवशी वरच्या मजल्यावर होते. ते पुढे कधी सापडले नाहीत.

मार्लनने टोपी काढली. तो तिच्यासमोर गुडघ्यावर बसला आणि म्हणाला, "मामा, आय कॅरी यू, ओके?" कळलं असावं तिला. तिने एक हात सोडला. आम्ही चौघांनी तिला खुर्चीसकट जिन्यावरून खाली आणलं. खाली दारात डेनिस उभी होती.

"हू इज धिस?"

आपाने तोंड उघडलं, पण आधी मी बोलले. मी म्हटलं, मी आणलं यांना. माझ्या ओळखीच्या आहेत. कोड मी वापरला. शौर्य वगैरे काही नव्हतं त्यात. माझ्या घरी अमोलचा पगार येत होता, तिच्या घरी अर्धी चूल तिच्या कामावर होती, एवढा साधा हिशेब होता. डेनिसने आपाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. तिला खरं काय ते कळलं होतं असं मला आजही वाटतं. तिने माझ्याकडून बॅज काढून घेतला, माझी नोकरी तिथेच संपली.

अमोल आधी चिडला. मग सगळं ऐकल्यावर म्हणाला, "आता तू परत शिक." मी कॉलेजला गेले, इथला डिप्लोमा केला, आणि आता एका ऑफिसमध्ये ड्रॉइंग्ज करते. डिग्रीवर जे काम करायचे त्याच्या दोन पायऱ्या खालचं, पण माझं. आपा एका डे-केअरमध्ये लहान मुलांना आकार शिकवते. लैला नर्स झाली. आकडे मांडणारा माणूस म्हणेल, दोन्ही कुटुंबं सेटल झाली. बीबीजान पुढच्याच वर्षी बेसमेंटमध्ये वारली.

गेल्या नोव्हेंबरमध्ये त्यांनी वॉनमध्ये छोटं टाउनहाऊस घेतलं आणि आम्हाला जेवायला बोलावलं. अमोल कामासाठी कनाटा शहरात गेला होता, म्हणून मैत्री आणि मी दोघीच गेलो. मैत्री आता बारा वर्षांची आहे. घरात सोफा नव्हता, टेबल नव्हतं. भिंतीला लागून गाद्या, मधे जेवणाचं कापड, दस्तरखान, अंथरलेलं. भात वाढायच्या आधी आपा जिन्याच्या तळाशी गेली आणि वर बघून सहज म्हणाली, "बीबीजान, नान तयार." दारीत जेवणालाही नानच म्हणतात. लैलाने मान वर केली नाही, ती ताटं मांडत राहिली. पाच मांडली. वर लाकूड करकरलं. नवी घरं हीटिंग लागल्यावर करकरतात.

"हू इज अपस्टेअर्स?" मैत्रीने विचारलं.

"माय मदर," आपा म्हणाली, आणि पाचव्या ताटात चमचाभर भात वाढला.

परत येताना गाडीत मैत्री म्हणाली, "बट शी डाइड, राइट?"

"हो."

"अँड शी लिव्ह्ज देअर."

मी गाडी चालवत राहिले.  आपण भूतखेत मानणारी माणसं नाही. बाबांच्या समोर कुणी असलं काही बोललं असतं तर त्यांनी त्याला तासभर समजावलं असतं.

"डझ आबा लिव्ह विथ अस?" माझ्या बाबांना ती आबा म्हणते.

"आबांनी आपलं हे घर पाहिलंच नाही," मी म्हटलं. "त्यांना कुठून माहीत असणार?"

 नागपूरच्या माझ्या माणसांनो, तुम्ही फोनवर विचारता, आता तुझं घर कोणतं, तिकडचं की इकडचं? पुढे जे झालं ते सांगते, त्यात काय उत्तर सापडेल ते बघा. आम्ही पोचलो, मी कुलूप उघडलं, आत गेले, दिवा लावला. मैत्री मात्र उंबऱ्यावरच उभी राहिली, दार पाठीने धरून. बाहेर वारा सुटला होता, बर्फाचे कण हॉलपर्यंत येत होते.

"दार लाव गं, थंडी येतेय."

"वेट, मॉम," ती म्हणाली. मग एका बाजूला सरकली आणि माझ्याशी जी भाषा ती कधी बोलत नाही त्या भाषेत, अडखळत, बाहेरच्या अंगणाकडे बघून म्हणाली, "आबा, या. हेच आहे."

मी तिला रागावले नाही. आम्ही दोघी दार उघडं ठेवून उभ्या राहिलो, एक माणूस निवांत चपला काढून आत येईल एवढा वेळ.