उकिरड्याचं फुप्फुस

माकणीच्या गोदाक्का कुणाचं बाळ बघायला गेल्या की आधी तोंड वाकडं करायच्या. "ह्ये काय ध्यान जलमाला घातलं गं! माकडाचं पिल्लू बरं." नवी बाळंतीण रडवेली व्हायची, तिची सासू मात्र खूश. कौतुक केलं की दृष्ट लागते, हा आक्कांचा पक्का कायदा. शेजारच्या घरात वाढलेल्या मला काटकुळ्याला त्या जन्मभर 'वाळकं शेंगूळ' म्हणाल्या.

हे शेंगूळ पुढं पुण्याला प्रयोगशाळेत चिकटलं. अपुऱ्या दिवसांच्या बाळांना श्वासासाठी नळी घालतात, ऑक्सिजन देतात. जीव वाचतो, पण कोवळ्या फुप्फुसांना इजाही होते. ती कशी होते हे बघायला बाळाची छाती थोडीच उघडता येते? म्हणून नळीतला एरवी फेकून देतात तो चिकट स्राव घ्यायचा आणि त्यातल्या पेशी बशीत वाढवायच्या. त्यांचे खसखशीएवढे पोकळ गोळे होतात. त्याच बाळाच्या श्वासनलिकेची चिमुकली नक्कल. औषधं आधी त्यांच्यावर तपासायची.

अशात आक्कांच्या लेकीला सातव्या महिन्यातच मुलगा झाला. सोलापूरला काचेच्या पेटीत, नळीवर. आईबापाची परवानगी घेऊन नमुना न्यायला मीच गेलो. आक्का दाराशीच बसलेल्या.

"ह्यानं सुटंल का रं आमचं पोरगं?"

"न्हाय आक्का. ह्याला वरसं लागतील. फुडच्या पोरांना उपयोग हुईल."

"मग त्येंच्यासाठी तरी नीट संभाळ. आन् कवतिक करू नगंस, शेंगुळा."

गोळे असे काही वाढले की मी कायदाच विसरलो. मास्क हनुवटीवर, बशीचं झाकण उघडं, आणि मी सगळ्यांना बोलावून बोलावून सांगतोय, "काय गोंडस! काय टवटवीत!" दोन दिवसांत बशीभर बुरशी.

"उघड्या बशीवर तोंड घालून बडबडलास, दुसरं काय होणार?" प्रयोगशाळेच्या प्रमुख मॅडम कडाडल्या.

"दृष्ट लावलीस न्हवं, मुडद्या!" फोनवर आक्का.

गोठवून ठेवलेल्या थोड्याच पेशी उरल्या होत्या. पोराची नळी एव्हाना निघाली होती, म्हणजे नवा नमुना मिळणार नव्हता. आक्का म्हणाल्या, "घरी आमी पोराला उकिरड्या म्हणताव. तिथंबी त्येच नाव घाल." मी झाकणावर ठळक लिहिलं : उकिरड्या. रोज मास्क नाकापर्यंत ओढून, बशी न उघडता, लांबूनच म्हणायचो, "शी, काय कुरूप!" गोळे जगले.

त्यांचा व्हिडिओ आक्कांना दाखवला तेव्हा त्या अंथरुणाला खिळल्या होत्या. गोळ्यातले, श्वासनलिकेत असतात तसे बारीक केस वाऱ्यावरच्या ज्वारीसारखे हलत होते. "लई ग्वाड..." म्हणता म्हणता त्यांनी जीभ चावली. "लई घाण है." मग माझ्याकडं बघून म्हणाल्या, "तू मातर चांगलं काम केलंस, बाळा."

मी घाईघाईनं म्हणालो, "आक्का, आधी शिवी द्या!" त्या नुसत्या हसल्या. पुण्याला पोचलो आणि मला सणकून ताप भरला. तो उतरायच्या आत आक्का गेल्या.

आता प्रयोगशाळेत मॅडमसुद्धा बशीत डोकावून "काय ध्यान!" म्हणतात, मास्कआडून. मला शेंगूळ म्हणणारं मात्र कुणी उरलं नाही, असं वाटलं होतं. परवा माकणीला उतरलो, तर चार वर्षांचा उकिरड्या अख्खी गल्ली पळत आला, जराही न थांबता ओरडत, "शेंगूळमामा आला ऽ ऽ ऽ!"

केवढा लांब श्वास! कौतुक अगदी ओठांवर आलं. मास्क नव्हता. मी दोन्ही हातांनी तोंड दाबून धरलं.